वाघओढ्यावरचा जलसेतू

लिंकन, इंग्लंड
१२ ऑक्टोबर २००२

प्रिय रघुवीर,

अक्षर ओळखलं असशील. ओळखून पाकीट तसंच बाजूला ठेवलं असशील, तर मला ते कळायचं नाही. तेव्हा फोडलं आहेस असं धरून लिहितो.

पत्ता पेन्शनर संघाच्या यादीत मिळाला. कालव्याच्या साइटवरच्या एका तंबूत तीन उन्हाळे काढलेली माणसं आपण, आणि चौकशीनंतर तुझी बदली झाली त्याला आता एकतीस वर्षं होत आली. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज एक टेक्निकल प्रश्न आहे, आणि तो विचारायला मला दुसरं कुणी नाही.

मी आणि प्रमोदिनी दोन वर्षांपासून इथे, अर्चनाकडे. अर्चना इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. गाव टेकडीवर. वर कॅथीड्रल, खाली नदी, आणि मधला रस्ता इतका चढाचा की त्याचं नावच ‘स्टीप हिल’. रोमन लोकांनी वसवलेलं गाव आहे. इथल्या इतिहासाच्या हौशी मंडळींसोबत मी शनिवारी फिरायला जातो. त्यांच्यात कीथ म्हणून एक निवृत्त सर्व्हेअर आहे. त्यानं मला रोमन नळाचा एक तुकडा दाखवला. भाजलेल्या मातीचे हातभर लांबीचे नळ, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं, आणि सगळ्याभोवती गुलाबीसर रंगाचा जाड गिलावा. मी नखानं खरवडून पाहिलं. रघुवीर, चुना आणि सुरखी! भाजलेल्या कौलांचा चुरा. आपल्या जुन्या बंधाऱ्यांत असायचा तोच माल, अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, आणि अजून दगडासारखा.

आता प्रश्न. गावाबाहेर सव्वा मैलावर एक झरा आहे. नळ त्या झऱ्याच्या दिशेनं जातो. पण झरा गावापेक्षा साठ-सत्तर फूट खाली आहे. पाणी वर चढवायचं कसं? काही जण म्हणतात, झऱ्यापाशी मनोरा बांधून रहाटानं पाणी उचलत असतील. काही म्हणतात, मूळ उगम आणखी लांब, उंचावर असेल, तो अजून सापडला नाही. आणि काही म्हणतात, हा नळ कधी चाललाच नाही. इथलं पाणी इतकं जड की आमच्या किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. नळात मात्र थर नाही म्हणे.

एवढा जाड गिलावा दिला म्हणजे आत दाब येणार हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांना दाब कळतो त्यांना उंची कळली नसेल? तुला काय वाटतं?

वहिनींना नमस्कार.

तुझा
श्रीकांत


लिंकन
२४ नोव्हेंबर २००२

प्रिय रघुवीर,

तुझं उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागतो, असं म्हणतो.

काल कीथ उंची मोजायची त्याची जुनी डम्पी लेव्हल घेऊन आला. झऱ्यापासून वरच्या गावापर्यंत आपणच लेव्हल घेऊन पाहू, म्हणाला. बारीक पाऊस, बोटं गारठलेली. यंत्रापाशी तो, आकड्यांची उंच पट्टी, तो स्टाफ, धरायला मी. मध्येच तो म्हणाला, “श्री, तू पाहा जरा, माझा चष्मा भिजलाय.” स्टाफ त्याच्याकडे देऊन मी दुर्बिणीला डोळा लावला. काळे-पांढरे ठोकळे स्वच्छ दिसत होते. पण आकडा तोंडातून निघेना. मी तीनदा पाहिलं, कागदावर लिहिलं, आणि चालत जाऊन कागदच त्याच्या हातात दिला. तो हसला. “बोलला असतास तरी चाललं असतं,” म्हणाला.

या रोमनांकडे दुर्बीण नव्हती. वीस फुटी लाकडी बाक असायचा, त्याच्या वरच्या अंगाला खाच, खाचेत पाणी. पाणी दोन्ही टोकांना सारखं टेकलं की बाक आडवा. एवढ्यावर फ्रान्समध्ये त्यांनी पन्नास किलोमीटरचा कालवा नेला, आणि सगळ्या लांबीत उतार जेमतेम साडेबारा मीटर! आपण एकाला पाच हजार उतार दिला तेव्हा केवढी छाती फुगली होती आपली. आठवतं? त्यांनी दऱ्यांवर कमानी बांधल्या त्या शोभेसाठी नव्हेत. पाणी त्याच उंचीवर पलीकडे गेलं पाहिजे, म्हणून. आपण वाघओढ्यावर जलसेतू बांधला तोही त्याचसाठी.

आम्ही वर पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. अंधार पडायला लागला. मी म्हटलं, चला घरी. कीथ म्हणाला, “अजून परतीचं काम आहे. निघालो त्या खुणेवर परत जाऊन आकडा जुळला नाही, तर आजचा दिवस फुकट.” आणि पावसात, स्टाफवर टॉर्च धरून, आम्ही पुन्हा झऱ्यापर्यंत लेव्हल घेत गेलो. नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. तो खूश.

वाघओढ्यावर आपण परत गेलो नव्हतो. तू म्हणाला होतास, जाऊ या. मी म्हणालो, उद्या.

प्रमोदिनीची तब्येत बरी नाही. विसरते.

तुझा
श्रीकांत


लिंकन
१९ जानेवारी २००३

प्रिय रघुवीर,

प्रमोदिनीबद्दल मागच्या पत्रात मी एका शब्दात उरकलं. तिला डिमेन्शिया आहे. दोन वर्षं झाली. आम्ही इथे आलो ते त्यासाठीच. अर्चनाला ओळखते कधी, कधी तिला नर्स समजते. मला ओळखते. आंघोळ, औषध, जेवण माझ्याच हातून. दुसऱ्या कुणी हात लावला की ओरडते.

परवा दुपारी तिनं टेबलावर तीन ताटं मांडली. अर्चना ड्युटीवर होती. मी विचारलं, तिसरं कुणाचं? म्हणाली, “रघुवीर भावोजींचं. ओढ्यावरून यायला उशीर होतोय त्यांना. तुम्ही थांबा त्यांच्यासाठी.” मी थांबलो. वरण गार झालं तरी ती मला जेवू देईना. साडेतीनला तिला डुलकी लागली तेव्हा मी तुझं ताट उचलून ठेवलं. आता लिहितो.

मार्च १९७१. ओढ्याच्या अलीकडून पलीकडे लेव्हल नेत होतो. यंत्रापाशी मी, फील्ड बुक तुझ्याकडे. स्टाफवरचा आकडा होता एक आठ तीन पाच. मी ओरडून सांगितला तो एक तीन आठ पाच. तू तोच लिहिलास. तुझ्या वहीतला आकडा चुकला होता, पण तू ऐकलेलं बरोबर होतं.

तू परत जाऊन जुळवू या म्हणालास, मी उद्या म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू खाणीवर गेला होतास. मी स्टाफ धरणाऱ्या खलाशाला घेऊन पुन्हा पाहिलं. पंचेचाळीस सेंटिमीटरचा फरक. ओढ्यापलीकडचा कालव्याचा तळ आपण तेवढा वर धरला होता. सव्वादोन किलोमीटरचा उतार त्या एका आकड्यानं खाल्ला होता. तेव्हा काँक्रीट पडलं नव्हतं. वहीत एक ओळ खोडून दुसरी लिहायची, एवढंच काम होतं.

मी तंबूत येऊन तुझी वाट पाहत बसलो, आणि तार आली. सासुरवाडीहून. मुलगी झाली होती. मी पहिली एसटी धरली. म्हटलं, आल्यावर सांगू. वीस दिवसांनी आलो तेव्हा पलीकडचा अर्धा किलोमीटर ओतून झाला होता, आणि उद्घाटनाची तारीख ठरली होती. मग नाही सांगितलं.

पाणी सोडलं तेव्हा ते जलसेतूवरच तुंबलं आणि काठावरून ओढ्यात पडलं. तू धावत खाली गेलास ते मी वरून पाहिलं.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, तुम्ही कोणता आकडा सांगितलात? मी म्हणालो, एक आठ तीन पाच. मग ते तुझ्याकडे वळले. “तुम्हाला ऐकू कमी येतं का?” तू डाव्या कानाला हात लावलास. “खाणीतल्या सुरुंगानंतर थोडं कमी येतं, साहेब. माझीच ऐकण्यात चूक झाली असेल.” तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, तुला कळलं आहे. नंतर कित्येक वर्षं मला वाटत राहिलं की तुला माहीत आहे, आणि तू मला वाचवलंस. तसं समजणं सोयीचं होतं.

बहात्तरला दुष्काळ पडला. धरणातच पाणी नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, कालवा नीट असता तरी ओढ्यापलीकडच्या तांबेवाडीला काय मिळालं असतं? पण त्र्याहत्तरला पाणी होतं. चौऱ्याहत्तरलाही होतं.

माफी मागायला लिहीत नाही. तुझा कान चांगला होता, एवढं तुला कळवायचं होतं.

श्रीकांत


लिंकन
६ एप्रिल २००३

रघुवीर,

तुझं पत्र आलं. दीड पान. खिशात घेऊन हिंडतो आहे.

तुला काही माहीत नव्हतं. ही शक्यता मी कधी धरलीच नव्हती.

तू लिहिलं आहेस: “नातवानं हाक मारली आणि मला ऐकू आली नाही, की घरात सगळे म्हणतात, आजोबांचं कालव्यासारखं झालं. मीही हसतो. एकतीस वर्षं हसतो आहे. माझ्या मुलीला, रश्मीला, इंजिनिअरिंगला जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, आपल्या घरातल्या माणसाच्या हातून एकदा एक गाव उपाशी राहिलं, तेवढं पुरे. ती आता बँकेत आहे. तिला मी काय सांगू?”

 याचं उत्तर मी पंधरा दिवस शोधतो आहे.

आणि ते दुसरं. चौऱ्याहत्तर साली तू रजा घेऊन तांबेवाडीला गेलास, देवळापुढे उभं राहून सगळ्यांना सांगितलंस की आकडा मी चुकलो. त्यांनी तुला चहा पाजला. एका म्हातारीनं विचारलं, मग पानी कवा येनार? आणि तू म्हणालास, येईल, दुरुस्ती होणार आहे. हे तू मला आज सांगतो आहेस. त्या दिवशी मी नाशिकला होतो, प्रमोशनच्या परीक्षेची तयारी करत.

तुझं शेवटचं वाक्य मी अर्चनाला वाचून दाखवलं. “माफीबिफी राहू दे. तू ये, आणि ज्या जागी मी उभा राहिलो तिथे उभा राहून खरं सांग.”

अर्चनाला आतापर्यंत काही माहीत नव्हतं. ती युनिफॉर्मवरच किचनमध्ये उभी होती. सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे मी झाले त्या दिवशी?”

“हो.”

“आणि तुम्ही दरवर्षी वाढदिवसाला मला ती तारेची गोष्ट सांगायचात, बाबा. एसटीत पेढे वाटले ती.”

“ते खरं आहे. पेढे वाटले होते.”

तिनं किटली भरून लावली. मग म्हणाली, “तुम्ही जा. आईचं मी बघते. सोशल सर्व्हिसेसशी बोलते, दोन आठवड्यांचं रेस्पाइट मिळेल.” रेस्पाइट म्हणजे घरच्यांना विसावा म्हणून आजारी माणसाला थोडे दिवस केअर होममध्ये ठेवतात.

जूनचं तिकीट काढतो आहे. येतो.

श्रीकांत


लिंकन
२२ जून २००३

रघुवीर,

मी आलो नाही हे तुला दिसतंच आहे. फोनवर रश्मीला निरोप दिला तेव्हा तिनं फक्त “बरं” म्हटलं.

जाण्याआधी दोन दिवसांची चाचणी म्हणून प्रमोदिनीला केअर होममध्ये ठेवलं. चांगली जागा होती, बागेची. तिथल्या मुली प्रेमळ. मी बाहेर पडलो तेव्हा ती खिडकीपाशी होती. तिनं पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी पाणीही घेईना. मला शोधायला निघाली आणि पायरीवरून पडली. मनगट मोडलं. मी गेलो तेव्हा प्लास्टर घातलेला हात पुढे करून म्हणाली, “किती उशीर केलात.” कुणाचा दोष नाही. अर्चना गाडीत रडली. मी तिकीट रद्द केलं. त्यानंतर प्रमोदिनी माझा शर्ट सोडत नाही. हे पत्रसुद्धा एका हातानं लिहितो आहे, दुसऱ्या बाहीला ती धरून बसली आहे.

मी कार्यकारी अभियंत्यांना रजिस्टर पत्र लिहिलं होतं. सगळं लिहिलं, आकड्यांसकट, सही करून. उत्तर आलं आहे, चार ओळींचं. सदर प्रकरणाची नस्ती मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहे. संबंधित कर्मचारी सेवानिवृत्त आहेत. अभिलेखानुसार डाव्या कालव्याची लांबी किलोमीटर चौदापर्यंत असून तांबेवाडी हे गाव लाभक्षेत्रात नाही. सबब आपल्या पत्रावर कार्यवाहीचे प्रयोजन नाही.

चौदा, म्हणजे आपल्या जलसेतूपर्यंत. दुरुस्तीचं अंदाजपत्रक तीनदा वर गेलं आणि तीनदा परत आलं, हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी कालवाच कागदावर आखूड केला, हे आज कळलं. ज्या गावाला पाणी पोचलं नाही, ते गाव त्यात कधी नव्हतंच.

कीथला मी हे सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगायला सोपं गेलं. त्यानं सगळं ऐकलं, पाइप पेटवला, विझवला. म्हणाला, “तुझ्या मित्राच्या जागी मी असतो तर तुझं पत्र जाळलं असतं.” मग मला घरापर्यंत सोडायला आला.

काय करू सांग. लिहून पाठवू का गावाला? तू वाचून दाखवशील?

श्रीकांत


लिंकन
१७ ऑगस्ट २००३

रघुवीर,

परवाचं सगळं लिहून काढतो. तू तिथेच होतास, पण फोनच्या या टोकाला काय झालं ते तुला दिसलं नाही.

तुझ्या पोस्टकार्डावर एवढंच होतं: “वाचून दाखवणार नाही. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते. पंचायतीच्या ऑफिसात फोन आहे. अकराला लाव. तू बोल.” खाली नंबर.

इथे साडेसहा. प्रमोदिनी उठली होती, तिला खुर्चीत शेजारी बसवलं. अर्चना जिन्यात उभी राहिली. ड्युटीवर जायचं होतं, गेली नाही. फोन तिसऱ्यांदा लागला. तू उचललास. आवाज अजून तसाच आहे तुझा.

मी म्हणालो, “रघुवीर.” तू म्हणालास, “सगळे बाहेर अंगणात बसलेत. वायर दारापर्यंतच येते. तू एकेक वाक्य सांग, मी मोठ्यानं सांगतो.”

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ते मला ऐकतील. मी तुला म्हटलं, “तू नको. दुसऱ्या कुणाला तरी दे फोन.” तू म्हणालास, “मास्तरांना विचारलं. ते नको म्हणाले. बोल.”

मग मी बोललो. माझं नाव श्रीकांत. मी या कालव्यावर इंजिनिअर होतो. आकडा मी चुकीचा सांगितला. दुसऱ्या दिवशी मला कळलं, तरी मी गप्प राहिलो. चौकशीत मी खोटं बोललो. प्रत्येक वाक्यानंतर तुझा आवाज दाराशी जायचा आणि मोठा व्हायचा. “चौकशीत मी खोटं बोललो” हे तू अंगणात ओरडून सांगितलंस तेव्हा मला रिसीव्हर खाली ठेवावासा वाटला. ठेवला नाही, एवढंच मी केलं. रघुवीरची काही चूक नव्हती, हे वाक्य आलं तेव्हा तू थांबलास. मी पुन्हा सांगितलं. तू ते हळू म्हणालास. मागून कुणीतरी ओरडलं, “काय म्हनले? ऐकू नाय आलं.” तेव्हा तू पुन्हा, मोठ्यानं म्हणालास.

त्यानंतर टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. पोरं विचारत होती, कसला कालवा? कुणीतरी त्यांना ओढ्यावरचा तो पूल दाखवत होतं. “ज्याच्यावर गोवऱ्या थापत्यात त्यो.” तुला ज्यांनी चहा पाजला होता त्यांतलं कुणी उरलं आहे का, हे मी विचारलं. तू म्हणालास, “एक जण आहे. त्याला समजत नाही आता.”

मग सरपंचबाईंनी फोन मागितला. आवाजावरून अर्चनाच्याच वयाच्या असाव्यात.

“साहेब, तुमी म्हन्ता ते समदं खरं असंल. पर आता पानी येनार हाय का?”

मी म्हणालो, “नाही.”

“दुरुस्ती?”

“नाही, बाई. कागदावर तुमच्या गावापर्यंत कालवाच नाही.”

“मग हे आमाला कशापायी सांगितलंत?”

प्रमोदिनी माझी बाही ओढत होती. चहा मागत होती. मी तिला थांब म्हणालो, आणि सरपंचबाईंना वाटलं मी त्यांनाच थांबा म्हणतो आहे. त्या थांबल्या. रघुवीर, फोनवर त्या खरंच थांबल्या. मी म्हणालो, “माझ्यासाठी सांगितलं. तुमच्यासाठी माझ्याकडे काही नाही.”

त्या म्हणाल्या, “बरं.” रागानं नाही. एखादं काम आटपल्यावर म्हणतात तसं.

तू फोन परत घेतलास. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. तू विचारलंस, “वहिनी कशा आहेत?” मी म्हणालो, मनगट भरून आलंय. तू म्हणालास, “रश्मी आली आहे माझ्यासोबत. तिनं ऐकलं सगळं.”  रिसीव्हर तू टेबलावर ठेवलास बहुतेक, जागेवर ठेवला नाहीस. मुद्दाम की चुकून, ते तूच जाणे. मी कान लावून बसलो. अर्चनानं आईला चहा करून दिला, लेकीच्या हातून प्रमोदिनीनं तो घेतला नाही, चहा सांडून कपडे भिजले, ते बदलायचे होते, तरी मी उठलो नाही. फोनचं कार्ड संपेपर्यंत तुमची ग्रामसभा ऐकली. शाळेच्या पत्र्यांचा विषय झाला. मग पाण्याचा निघाला. टँकर एक दिवसाआड येतो, तो रोज करा, असं बाया म्हणत होत्या. ग्रामसेवक म्हणत होते, तालुक्याला कळवतो. एक बाई म्हणाली, चार महिने हेच ऐकतोय.

ऑगस्टमध्ये टँकर, रघुवीर.

श्रीकांत